पोहता येत नाही, तरी समुद्रात डोकं घालून पाहायचंय: अंदमानच्या एका दिवसाच्या बोटसहलीबद्दल

लाखांदूर तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या गावच्या बचत गटातल्या बाया, त्यांचे यजमान आणि दोन लेकरं असे १६ जण जानेवारीत अंदमानला निघाले आहेत. एजंटने ‘एका दिवसात तीन बेटं, स्नॉर्कलिंगसह’ (म्हणजे मास्क आणि नळी लावून, पालथं तरंगत पाण्याखालचं पाहणं) अशी बोटीची सहल गळ्यात घातली आहे. सोळातल्या दोघांनाच पोहता येतं, तेही विहिरीतलं. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. ताईंचे सासरे ६३ वर्षांचे, बीपीची गोळी सुरू. लेकरं ८ आणि ११ वर्षांची. जावं का, पाण्यात उतरावं का, कोणी उतरू नये आणि साडीचं काय करायचं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, जा. नक्की जा. फक्त एजंटने दिलेला बेत थोडा मोडा आणि निघायच्या आधी तीन आठवडे रोज दहा मिनिटं द्या. ती दहा मिनिटं कशाला, हेच मला मुख्य सांगायचं आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, ढिवराच्या घरचा. मामा तलावात (माजी मालगुजारी तलावात) डोंगा, जाळं आणि शिंगाड्याच्या वेली यांतच वाढलो. बाविसाव्या वर्षी अंदमानला गेलो आणि चौदा हंगाम स्नॉर्कलिंगच्या बोटीवर गाईड म्हणून काढले. आता दर हिवाळ्यात आपल्या भंडारा-गोंदियाकडचे गट घेऊन जातो. सोबत येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पोहता येत नाही. तरी ते पाण्यात उतरतात, पाहतात आणि हसत वर येतात.

स्नॉर्कलिंगला पोहणं लागत नाही. जॅकेट तुम्हाला तरंगवतं, समुद्राचं खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्तच उचलून धरतं आणि गाईड तुम्हाला हवा भरलेल्या तरंगत्या ट्यूबला धरून ओढत नेतो. तुमच्याकडून लागतो तो संथ श्वास, तोंडाने घेतलेला. नेमका तोच तिथे कुणी शिकवत नाही. किनाऱ्यावर पाच मिनिटांत ‘मास्क लावा, नळी दातात धरा, चला’ म्हणतात, कारण मागे पुढची बोट उभी असते. ज्याला तोंडाने श्वास घ्यायची सवय नाही तो पहिल्याच मिनिटात घाबरतो, डोकं वर काढतो, नळीत पाणी घेतो आणि ‘मला नाही जमत’ म्हणून वाळूवर बसून राहतो. एवढे पैसे भरून, नागपूरहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमान बदलून आलेला माणूस वाळूवर बसून परत जातो. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण घरच्या टाक्यावर आठवडाभर सराव केला असता तरी हे टळलं असतं.

आधी बेताचं बोलू.

एका दिवसात तीन बेटं ऐकायला भरगच्च वाटतं. पण १६ माणसं बोटीत चढवायची, जॅकेटं घालायची, जेट्टीवर उतरवायची, पुन्हा मोजून चढवायची, यात प्रत्येक बेटामागे निदान अर्धा तास जातो. त्यात अंदमानचा दिवस आपल्यापेक्षा लवकर मावळतो. घड्याळ तेच, पण बेटं फार पूर्वेला असल्याने जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. बोटवाले दुपारनंतर परतीच्या घाईत असतात. म्हणजे तीन बेटं घेतली तर पाण्यात डोकं घालायला जेमतेम वीस मिनिटं उरतात. मी म्हणेन, एक जागा प्रवाळ पाहायची आणि एक पायी फिरायची, एवढंच घ्या.

श्री विजयपुरमला (२०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर) राहणार असाल तर नॉर्थ बे आणि रॉस ही सोपी जोडी आहे. दोन्ही बेटं बंदरासमोरच आहेत. रॉसचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. तिथे इंग्रजांच्या काळातल्या इमारतींना झाडांच्या मुळांनी विळखे घातलेत आणि हरणं माणसांजवळ येऊन उभी राहतात. लेकरांना ते फार आवडेल. नॉर्थ बेचा दीपस्तंभ आणि नारळीची झाडं जुन्या लाल वीसच्या नोटेच्या मागे होती. एखादी जुनी नोट घरात सापडली तर सोबत न्या, पोट्टे खूश होतात. पण प्रवाळच नीट पाहायचे असतील तर माझी पसंती वंडूरच्या जेट्टीवरून जॉली बॉय बेटाला आहे. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. उद्यान १९८३ चं, पंधरा बेटांचं. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे उघडं असतं, बाकीच्या महिन्यांत रेड स्किन, म्हणजे एका बेटाला विसावा मिळतो. परवाना आधी काढावा लागतो आणि प्लास्टिक अजिबात नेऊ देत नाहीत. स्वराज द्वीपावर (जुनं हॅवलॉक) मुक्काम असेल तर तिथल्या जेट्टीवरून एलिफंट बीचची बोट घ्या. तिन्हीकडे एकाच दिवशी जायचा हट्ट धरू नका.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती मोठी, ओहोटी खोल आणि पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी अष्टमीच्या आगेमागे दोन-तीन दिवस उत्तम. तारीख हातात नसेल तर निदान वेळ सांभाळा. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी स्वच्छ असतं. अगदी ओहोटीला उतरू नका, पोट प्रवाळावर घासतं. आणि बोटीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. वारा सुटला की बंदरावरून बोटी बंद करतात, कुणाचं काही चालत नाही. सुरुवातीलाच ठेवला तर बदलायला दिवस उरतो. तुमच्यापैकी कुणी पाठीला हवेची टाकी लावून स्कूबा (पाण्याखाली बुडी) करणार असेल तर त्यानंतर १८ तास तरी विमानात बसू नये. नुसत्या स्नॉर्कलिंगला ही अडचण नाही.

आता बोट. इथे मी कडक आहे आणि तुम्हीही कडक व्हा.

आपल्याकडे डोंग्यावर जॅकेट घालायची रीतच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून एकाच वेळी अकरा जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये वैनगंगेत डोंगा उलटला आणि मिरची तोडायला निघालेल्या चामोर्शी तालुक्यातल्या सहा बाया गेल्या. ही नदीची गोष्ट झाली, समुद्र तर समुद्रच. म्हणून जेट्टीवर पाय ठेवल्यावर चार गोष्टी तुम्ही स्वतः पाहा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे आणि बसवली किती. जॅकेटं सगळ्यांना पुरतात का, लेकरांच्या मापाची वेगळी आहेत का. पाण्यातून वर चढायला शिडी आहे का. आणि माणसं पाण्यात असताना इंजिन पूर्ण बंद ठेवतात का.

शिडीचं कुणी विचारत नाही. पण ओल्या कपड्यांतल्या, दमलेल्या, पन्नाशीच्या मावशीला शिडीशिवाय बोटीत ओढून घेणं म्हणजे तिचे खांदे आणि बरगड्या दुखावणं. मी स्वतः एकदा जेट्टीवरून अख्खा गट परत उतरवला आहे. बाराची परवानगी असलेल्या बोटीत एकोणीस जण बसवले होते आणि जॅकेटांचा आतला फोम चुरा होऊन खालच्या कडेला साचलेला होता. बोटवाला म्हणे, ‘रोज असंच जातो.’ गटातले लोक माझ्यावरच चिडले, अर्धा दिवस वाया गेला म्हणून. चिडू द्यावं.

जॅकेट तपासायची रीत सोपी आहे. घालून सगळी बक्कलं लावा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर येत असेल तर ते सैल आहे. पाण्यात ते असंच वर येईल आणि तुम्ही खाली राहाल. लेकरांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

आता ती दहा मिनिटं.

नागपुरात किंवा ऑनलाइन साधा मास्क आणि नळी मिळते. सगळ्यांनी एकेक घ्यायची गरज नाही, गटात चार संच पुरतात, उकळून थंड केलेल्या पाण्याने धुऊन फिरवा. मास्क नाकावरून येणारा, सिलिकॉनचा घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा, पडला तर दुसरा पाहा. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क येतात, ते मी माझ्या गटात वापरू देत नाही. त्यांत सोडलेली हवा साचू शकते आणि घाबरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत. जाड मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं. ओठावरची कड थोडी कापा किंवा व्हॅसलीन लावा. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, छोटा असेल तर तसेच उतरा, पाण्यात वस्तू मुळातच जवळ आणि मोठ्या दिसतात.

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात किंवा मोठ्या घंगाळात पाणी भरा. पहिले दोन दिवस पाण्यात जायचंच नाही. मास्क लावून, नळी दातात धरून घरात बसा, टीव्ही पाहा, भाजी निवडा. नाक बंद आहे, श्वास तोंडाने चालू आहे, याची डोक्याला सवय होऊ द्या. तिसऱ्या दिवशी चेहरा पाण्यात टेकवा. इथे छातीत एकदम धस्स होतं. पाणी नाकाशी आलं की शरीर श्वास रोखतं, ते निसर्गानेच दिलेलं आहे. त्यात तुमची चूक नाही. तेवढा एक क्षण थांबा आणि श्वास आत घ्यायच्या आधी बाहेर सोडा. लांब सोडा, जणू गरम चहावर फुंकर घालताय. मग आत आपोआप येतो.

बाहेर सोडणं एवढं महत्त्वाचं का, तेही सांगतो. लहानपणी आम्ही पपईच्या देठाची नळी करून तलावात बुडी मारायचो आणि दोन मिनिटांत डोकं गरगरायचं. नळीत मागच्या श्वासाची शिळी हवा उरते. श्वास लांब असला तर ती हवा मागे सारून ताजी आत येते. श्वास उथळ आणि भराभर झाला तर तीच शिळी हवा आत-बाहेर होत राहते. मग गुदमरल्यासारखं वाटतं, माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि घाबरण्याचं चक्र सुरू होतं. नळी लांब असली तर हवा जास्त भरेल, असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. नळी आखूडच हवी.

पाच मिनिटं सलग चेहरा पाण्यात ठेवून संथ श्वास चालू राहिला की पुढचा धडा नळीत पाणी शिरल्याचा. मुद्दाम नळीत थोडं पाणी जाऊ द्या आणि ‘थू’ म्हणत जोराने एकच फुंकर मारा, पाणी वरून उडून जातं. फुंकर मारायला छातीत थोडी हवा शिल्लक लागते, म्हणून श्वास कधीही अगदी तळापर्यंत रिकामा करायचा नाही. लेकरांना हा खेळच वाटतो. कुणाचं पाणी उंच उडतं अशी शर्यत लावा.

तालुक्याला किंवा जिल्ह्याला पोहण्याचा तलाव असेल तर एक-दोनदा जाऊन जॅकेट घालून पालथं पडणं आणि उताणं होणं, एवढंच करा. समुद्रात काहीही झालं तरी पहिली गोष्ट उताणं होणं. तोंड आभाळाकडे, नळी थुंकून टाका, हात पसरा. जॅकेट धरून ठेवतं. हे अंगवळणी पडलं की अर्धी भीती गेली. गावच्या बोडीत किंवा विहिरीत मात्र हा सराव करू नका. तिथे शिडी नसते, गाळ असतो आणि काठावर वाचवायला माणूस नसतो.

लाखनीकडची एक मावशी मागे माझ्या गटात होती. साठीला टेकलेली, धान रोवून रोवून पाठ वाकलेली. सरावाच्या पहिल्या दिवशी टाक्यात चेहरा घातला की लगेच बाहेर काढायची आणि म्हणायची, ‘भाऊ, मले काहून नेऊन राहिला?’ नवव्या दिवशी तिने टाक्याच्या तळाशी टाकलेली नाणी मोजली. जॉली बॉयला मी तिला ट्यूबवर घेऊन गेलो. पहिले दहा श्वास मोठ्याने मोजायला लावले, नळीतून ते घुमत बाहेर येत होते. मग मोजणं थांबलं. खाली समुद्रफुलाच्या मऊ बोटांमध्ये दोन केशरी मासे, पांढरे पट्टेवाले, आत-बाहेर करत होते. तिने माझा हात एवढा घट्ट दाबला की मनगटावर नखं उमटली. बोटीवर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘शिंगाड्याच्या वेलीखाली असंच असंन का रे, अन् आपण कधी पाहिलंच नाही?’

कोणी उतरू नये, हे मात्र डॉक्टरला विचारूनच ठरवा. मी माझ्या अनुभवाने कुठे अडवतो तेवढं सांगतो. मिरगी असलेल्या कुणालाही मी उतरवत नाही. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर नाही. गरोदर बाईला वेगाच्या बोटीतच बसवत नाही, लाटेवर बोट आपटते. दम्याचा माणूस डॉक्टर हो म्हणाले तर, आणि पंप बोटीवर हाताशी असेल तर. साखरेचा आजार असलेल्यांनी पायात रबरी बूट घालावेत, पायाची जखम त्यांना महागात पडते, आणि खिशात ग्लुकोज ठेवावं.

आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार आहे आणि बाहेरच्या गाईडला त्याची कल्पनाही नसते. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या माणसाला अंगातलं पाणी कमी होणं, गारठा आणि दमणूक या तिन्हींनी त्रास उसळू शकतो आणि अशा सहलीत तिन्ही गोष्टी एकत्र येतात. समुद्राचं पाणी कोमट वाटलं तरी ते अंगाची ऊब हवेपेक्षा कितीतरी पटींनी भराभर ओढून घेतं. शिवाय पाण्यात असताना लघवी जास्त होते, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असूनही माणूस आतून कोरडा पडतो. गटात कुणाचा अहवाल एसएस असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उतरू नका. लाजून लपवू नका. एएस म्हणजे वाहक असलेले लोक बहुधा ठीक असतात, पण त्यांनीही भरपूर पाणी प्यावं आणि दमेपर्यंत हातपाय मारू नयेत.

बाया हळूच एक प्रश्न विचारतात, म्हणून इथेच लिहितो. पाळी असताना उतरायला हरकत नाही, त्याने मासे-बिसे मागे लागत नाहीत. कप किंवा टॅम्पॉन वापरायची सवय असेल तर सोयीचं, नसेल आणि अवघड वाटत असेल तर त्या दिवशी काचेच्या तळाच्या बोटीत बसा.

पुरुषांसाठी खर्रा, म्हणजे आपली तंबाखू-सुपारी. हे मी मनापासून सांगतो, रागावू नका. सहलीच्या सकाळी खर्रा नको. तंबाखूने मळमळ वाढते आणि बोट हलली की सगळं बाहेर येतं. तोंडात सुपारीचा तुकडा राहिला आणि नळीतून श्वास ओढताना घशात गेला तर पाण्यात ठसका जिवावर बेतेल. खर्ऱ्याची पन्नी प्लास्टिकची, ती जॉली बॉयला चालत नाही. अजून एक गोष्ट आहे. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड पुरतं उघडत नाही. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. शिरत नसतील तर नळीचं तोंड नीट धरता येणार नाही, कडेने पाणी येत राहील. लहान मुलांच्या मापाचं तोंड लावून चालतं का, ते घरीच टाक्यावर तपासा. आणि तीन बोटं शिरत नसतील तर सहलीहून आल्यावर दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा. गावातल्या तरुण पोरांनाही दाखवायला न्या.

साडी-लुगडं पाण्यात नको. ओला पदर पायांत गुंडाळतो, गाईडच्या हातात अडकतो. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा अंगाला बसणारा टीशर्ट, शक्यतो लवकर सुकणाऱ्या कापडाचा. सुती सलवार भिजून जड होते. ओढणी बोटीवर. यामुळे उन्हापासूनही बचाव होतो. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या किती भाजतात हे रात्री झोपताना कळतं. अंग झाकलं की क्रीमही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन असलेली क्रीमं प्रवाळांना घातक ठरतात म्हणून हवाई बेटांनी २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली आहे, तेव्हा आपण न लावलेलीच बरी. अंगठ्या घरी काढून ठेवा, पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गळाली ते समजत नाही. मंगळसूत्र काढायचं नसेल तर टीशर्टच्या आत, पिनेने टाचून. अंबाडा मास्कच्या पट्ट्याला नडतो, खाली वेणी घाला.

बोट लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये आणि तर्री-पोहे खाऊनही येऊ नये. केळं, इडली, कोरडी पोळी, आल्याचा तुकडा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून आणि बोटीत बसायच्या आधी तासभर. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी काम करत नाही. ती घेतली की झोप येते, आणि झोप येत असेल तर पाण्यात उतरायचं नाही. बसायला बोटीचा मधला-मागचा भाग, नजर दूर क्षितिजावर, मोबाइलमध्ये नाही.

पाण्यात उतरताना जोड्या लावा आणि जोडी मोडू देऊ नका. न पोहणाऱ्या दोघांमागे एक गाईड मागा, त्याचे जास्त पैसे पडले तरी द्या. तुमच्या गटातल्या त्या दोन पोहणाऱ्यांना मी जरा वेगळं सांगेन. विहिरीत पोहणारा माणूस जॅकेट घालायला लाजतो आणि प्रवाळाच्या कडेपलीकडे जातो, तिथे ओढ असते. त्यांनीही जॅकेट घालावं. घाबरलेल्याला हाताने धरायला त्यांनी जाऊ नये, ट्यूब पुढे करावी. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेशी वर-खाली होतं, हात बाजूला दाबले जातात आणि आवाज अजिबात नसतो. शांत झालेल्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. बोटीवर एक जण फक्त माणसं मोजायला ठेवा, उतरताना, दर दहा मिनिटांनी आणि निघताना. त्याने फोटो काढायचे नाहीत. तुमच्या गटात हे काम ताई, तुम्हीच करा, वर्गात पोरं मोजायची सवय आहे तुम्हाला. तुमची पाण्यात उतरायची वेळ आली की हे काम यजमानांकडे द्या.

खाली जे दिसेल ते दगड नाहीत. प्रवाळ म्हणजे बारीक प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि त्यावर हे प्राणी जगतात. पाणी जास्त तापलं की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानला हे मोठ्या प्रमाणावर झालं. पूर्वी रंगीत असलेल्या जागा हाडांसारख्या पांढऱ्या झाल्याचं पाहणं फार जड गेलं. गोल डोक्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे तुमच्या घंगाळाएवढा गोळा तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा असेल. त्यावर उभं राहिलं, टाच टेकली, की तेवढा भाग मेला. म्हणून थकलात तरी पाय खाली सोडू नका, उताणे व्हा. पाय न टेकवण्यात आपलंही भलं आहे. तिथे काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही. काटा लागला तर दुखरा भाग सोसेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून दवाखाना गाठायचा. चोळायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत. माशांना पाव-बिस्कीट टाकायला गाईडने दिलं तरी टाकू नका. आणि मगरीचा फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जायचं नाही, अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी खरंच आहेत.

लेकरं शिंपले आणि पांढरे तुकडे खिशात भरतील, ते तिथेच ठेवायला लावा. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघासारखंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, मेलेल्या तुकड्यालाही. विमानतळावर पिशव्या तपासतात. ८ वर्षांच्या लेकराला गाईडच्या हातात, कमरेएवढ्या पाण्यापासून सुरुवात करून, एकावेळी दहा-पंधरा मिनिटं. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजले की बाहेर काढा, टॉवेलमध्ये गुंडाळा, काहीतरी गोड द्या.

आता सासऱ्यांचं. ६३ हे वय अडचणीचं नाही. बीपी ताब्यात आहे का, दोन मजले चढताना दम लागतो का, छातीत कधी दुखलं आहे का, हे डॉक्टरांनी पाहून हो म्हटलं तर ते उतरू शकतात. त्या दिवशी गोळी चुकवायची नाही. त्यांना सगळ्यांत शेवटी उतरवा, गर्दी आणि घाई संपल्यावर. लाटेच्या बाजूने नाही, वाळूवरून चालत चालत छातीएवढ्या पाण्यापर्यंत, आणि तिथे दोन मिनिटं नुसतं उभं राहू द्या. गाईड त्यांच्या एकट्याचा हवा. दम लागला, खोकला आला, छाती जड वाटली तर ‘थोडं थांबू’ नाही, लगेच बाहेर आणि नळी काढून बसवायचं.

आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं किंवा त्यांनाच नको वाटलं तर काचेच्या तळाची बोट आहेच, जॉली बॉयलाही आणि नॉर्थ बेलाही. त्यात त्यांना काचेच्या अगदी कडेला बसवा, डोक्यावर गमछा ओढून घ्यायला सांगा, म्हणजे काचेवर आभाळाची चमक येत नाही आणि तळ स्वच्छ दिसतो. नातवंडांपैकी एकाला त्यांच्या शेजारी बसवा. जो आधी मासा पाहील त्याने दुसऱ्याचा हात दाबायचा, बोलायचं नाही, कारण बोललं की बोटीतले सगळे एकाच बाजूला झुकतात.